बाईविना गेलेलं घर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट थोडं गाळलंय.

ठिकाण ताइनान. गेल्या वर्षीचा जून महिना, मंगळवार. वेळ... दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपारीच. आमचा भुतांचा महिना, मेलेले परत येतात तो, अजून लांब होता. विद्यापीठाच्या इमारतीचा चौथा मजला. ट्यूबलाइट लावलेल्या, एसी चालू. बाहेर कुणीतरी मोबाइलवर मोठमोठ्याने गॅसचं बिल भरण्याबद्दल बोलत होतं.

आणि माझी धाकटी बहीण माझ्यासमोर गुडघे टेकून बसली होती. हवेत... कुणाचे तरी पाय चेपत होती.

नीट पहिल्यापासून सांगते.

मी च्वांग पी-लिएन, वय चौतीस. लाई सरांच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरतं. माणसाच्या डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवला की त्याला खोटं घर दिसतं. दहा मिनिटं तो त्या घरात वावरतो. मग आम्ही विचारतो, "तुम्ही खरोखर तिथे आहात असं किती वाटलं?" एक गुण म्हणजे मुळीच नाही. सात म्हणजे पुरेपूर.

शेवटी आणखी एक प्रश्न असतो. "तुमच्याबरोबर तिथे दुसरं कुणी आहे असं वाटलं?" हा आपला नुसता तपासणीपुरता. घरात कुणी नसतंच, त्यामुळे सगळे एक लिहितात.

आमचं आधीचं घर विकत घेतलेलं होतं. त्यात शेकोटी होती, भिंतीवर हरणाचं डोकं होतं. ताइनानच्या घामट माणसाला शेकोटीपुढे बसवून "घरी आल्यासारखं वाटलं का?" विचारायचं! लोक बिचारे दोन गुण द्यायचे, भीड म्हणून.

"आपल्याकडचं घर पाहिजे. विटांचं, अंगण असलेलं," सर म्हणाले. "पण असं घर काढून द्यायला सहा महिने लागतील."

मी म्हणाले, "सर, माझ्या वडिलांकडे एक तयार आहे."

हे वाक्य मी उच्चारलं नसतं तर बरं झालं असतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आपा म्हणतो, कागदाची घरं करतात. मेलेल्यांसाठी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद. मग ते घर जाळायचं, म्हणजे ते त्या माणसाला तिकडे पोचतं. तीन पिढ्यांचा धंदा आहे आमचा.

त्या महिन्यात आपांनी श्वी घराण्यातल्या म्हातारीसाठी घर केलं होतं. म्हातारी चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. गेली तेव्हा एक्क्याण्णव वर्षांची होती. तिच्या जुन्या घराची हुबेहूब नक्कल आपांनी केली होती. लाल विटा, तिन्ही बाजूंना खोल्या, मध्ये अंगण. फ्रिज, शिलाई मशीन, पलंग. आणि तिच्या सेवेला एक कागदाची बाई, हातभर उंचीची.

फोटो काढायला गेले तेव्हा आपा म्हणाले, "इतकी शिकलीस, आणि आता जिवंत माणसांना यात घुसवणार होय?"

"नुसतं चित्र आहे हो, आपा."

"मग माझं काय आहे? माझाही नुसता कागदच आहे." ते हसले. "काढ काय ते. पण आत्ताच काढ, कोरं आहे तोवर. दारावर तिच्या नावाची पट्टी चिकटवली की ते घर तिचं. मग माझीही ये-जा बंद."

रविवारी मी त्या घराचे तीनशे फोटो काढले.

वापरणाऱ्याने खाली पाहिलं की त्याला स्वतःचे हातपाय दिसायला हवेत, नाहीतर तिथे असल्यासारखं वाटत नाही. शरीर तयार करायला पुन्हा वेळ जाणार. म्हटलं, ही बाई आहेच की! तिला खोक्यात घालून मी प्रयोगशाळेत नेलं. सोमवारी अकराला घर जाळायचं होतं, नऊपर्यंत आणून देते म्हणाले.

"विसरू नकोस," आपांनी बजावलं. "तिचं नाव अजून घालायचंय."

तुम्हाला हे सांगायला हवं. कागदाच्या बाईच्या छातीवर लाल पट्टी असते. जाळायच्या आधी अगदी शेवटी तिच्यावर नाव लिहितात. मालकिणीला हाक मारता यावी म्हणून. ही नावं आजोबांच्या एका जुन्या वहीत आहेत. कुणाच्याही पोरीबाळीचं नसेल असंच नाव त्यात असतं. जिवंत माणसाचं नाव चुकूनही घालायचं नाही. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

रविवारी रात्रभर बसून मी घर मशीनमध्ये चढवलं. विटा खऱ्याखुऱ्या दिसत होत्या. बाईचं शरीर बसवलं. छातीवरची लाल पट्टी कोरी होती. चित्रीकरणांची सरमिसळ होऊ नये म्हणून तिथे येणाऱ्याचा क्रमांक दिसेल अशी सोय केली.

मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं.

सकाळी खोलीवर जाऊन जी झोपले ती दहाला उठले. फोन मुका करून ठेवला होता. आपांचे सहा कॉल येऊन गेलेले.

"कुठे उलथली होतीस?" आपा कडाडले. "ज्योतिषाने ऐनवेळी मुहूर्त अकराचा सातवर आणला. सगळं घराणं पांढऱ्या कपड्यांत उभं, आणि माझी बाईच जागेवर नाही! शेवटी घर तसंच गेलं. बाईविना."

"मग आता?"

"आता काय, लवकर आण. मागाहून पाठवू."

"बुधवारी आणते, आपा. थोडी मापं घ्यायची राहिलीत."

मापं होती शर्टाच्या बाहीची. तेवढ्यासाठी मी दोन दिवस मागून घेतले.

त्याच सोमवारी दुपारी चारजण आले. चौघांनी घराला सात गुण दिले. मी खुशीत होते. मग शेवटचा प्रश्न पाहिला.

दुसरं कुणी आहे असं वाटलं?

सहा. सात. सात. सात.

चौघांपैकी एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी हेडसेट काढला आणि आधी रिकाम्या भिंतीकडे वळून कमरेत वाकले. "त्रास दिला, पडून राहा," असं म्हणाले. मग माझ्यावर घसरले. "आत कुणी आजारी माणूस आहे हे सांगायचं तरी! पायात बूट घालून फिरत होतो मी."

"आत कुणी नाहीये, काका."

"मग पलंगाची कड कोण वाजवत होतं?"

मी प्रोग्रॅममध्ये आवाज घातलाच नव्हता. एकही नाही.

चौघांनीही तोच आवाज सांगितला. लाकडावर लाकूड.

टक... टक... टक...

लाई सर कागद बघून जवळजवळ नाचले. "घर इतकं खरं वाटतंय, की माणसं त्यात माणूस कल्पू लागलीत! पी-लिएन, हे आपल्याला सापडलेलं सगळ्यात मोठं घबाड आहे."

मीही मान डोलावली. घर सकाळी सात वाजता जळलं होतं आणि चौघं दुपारी आले होते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

मंगळवारी तीनला येणाऱ्याने ऐनवेळी टांग दिली. मी आ-फांगला बोलावलं.

आ-फांग म्हणजे रुई-फांग, माझी धाकटी बहीण. चोवीस वर्षांची. चहाच्या दुकानात काम करते, आपांजवळ राहते. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या शाळेत पालक म्हणून मी जायचे. तिचं काही वाकडं झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं नसतं.

"आ-ची, याचे पैसे मिळतात ना?" आल्या आल्या तिने विचारलं. आ-ची म्हणजे ताई.

"मिळतात. आणि च्युइंगम थुंकून ये."

क्रमांकांची यादी सरांकडे होती आणि सर बैठकीत होते. म्हटलं, घरचीच तर आहे. क्रमांकाच्या जागी मी तिचं नाव टाइप केलं.

च्वांग रुई-फांग. आणि खालच्या रकान्यात जन्मतारीख.

पडद्यावर बाईच्या छातीवरच्या लाल पट्टीत ती अक्षरं उमटली. मी ती पाहिली. माझ्या हातांनी केलं मी हे, डोळे उघडे ठेवून.

पहिली पाच मिनिटं तिची टकळी चालू होती. "अय्या, फ्रिज! आपांनी यात बिअर ठेवलीय का? आ-ची, माझे हात किती गोरे आहेत गं इथे..."

मग ती थांबली.

मान एका बाजूला कलती केली.

"हो..." ती म्हणाली. "आले."

"कुणाला म्हणतेस?"

ती चालत गेली. सरळ, न चाचपडता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात थांबली. गुडघे टेकले. तिचे हात हवेत काहीतरी धरून दाबू लागले. वरून खाली, वरून खाली.

"आ-फांग, काय करतेस?"

"पाय चेपतेय." तिचा आवाज शांत होता. "फार सुजलेत गं."

माझ्या पडद्यावर पलंग दिसत होता. रिकामा.

मी धावत जाऊन तिचा हेडसेट ओढून काढला. तिचे डोळे उघडेच होते. पण हात... हात थांबले नाहीत. आणखी निदान दोन मिनिटं ती तशीच चेपत राहिली. मग उठली, हात स्कर्टला पुसले आणि म्हणाली, "झालं का? पैसे रोख देणार?"

मी तिला स्कूटरवर बसवून घरी आणलं. घाईत कागदाची बाई कपाटातच राहिली.

बुधवारी सकाळी आपांचा फोन आला. "आ-फांग जेवताना मधेच उठून जाते."

मी गेले. ती ताटावर बसली होती. घास तोंडाशी नेला आणि थांबली. मला काही ऐकू आलं नाही. आपांनाही नाही.

"हो, आले," म्हणाली आणि उठून मागच्या खोलीत गेली. तिथे नुसते कामट्यांचे भारे आहेत. त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

पहिल्या वेळी दहा मिनिटं. संध्याकाळी तासभर. गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत. खायला दिलं तर म्हणायची, "आधी तिचं होऊ दे." तिचं कधी होतच नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. हेडसेट वापरल्यावर काहींना आजूबाजूचं जग खोटं वाटतं, म्हणाले, उतरेल एक-दोन दिवसांत. झोपेच्या गोळ्या दिल्या. झोपेतही तिचे हात चालू होते.

गुरुवारी मला काय सुचलं कोण जाणे. मी आमची प्रश्नपत्रिका काढली. स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले.

"आ-फांग, हे आपलं घर. इथे आहेस असं तुला किती वाटतं?"

तिने भिंतींकडे पाहिलं. आपांकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण आदराने.

"एक," ती म्हणाली.

मी तिथेच रडले. तिला उचलून पलंगावर ठेवायला गेले, तर ती चटकन उचलली गेली. तीन दिवसांत माणूस इतकं हलकं होत नाही. कामट्यांचा सांगाडा उचलल्यासारखी ती हलकी होती.

शुक्रवारी पहाटे आपा म्हणाले, "ती बाई आण. जाळून टाकू. निदान एक ओझं कमी."

मी प्रयोगशाळेत गेले. कपाट उघडलं, खोकं उघडलं. बाई होती. पट्टी कोरीच होती.

पण तिचे पाय...

या बायकांचे पाय ताठ असतात. आत सरळ कामटी असते, त्यांना गुडघेच नसतात. हिच्या दोन्ही पायांचा कागद गुडघ्यांच्या जागी चुरगळलेला होता. चांगला मळलेला होता.

मी ते आपांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ कागदावर अंगठा फिरवला.

"तू हिचं काय केलंस तिकडे?"

मी सांगितलं. शरीर वापरलं ते सांगितलं. पट्टीवर क्रमांक दिसतात तेही सांगितलं.

"आकडेच ना? आकड्याला हाक मारता येत नाही." ते जरा सैल झाले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पी-लिएन. आ-फांगच्या वेळीही आकडाच होता ना?"

मी बाईच्या कोऱ्या पट्टीकडे पाहिलं.

"नाव?"

मी होकाराची मान हलवली.

"पूर्ण?"

"जन्मतारखेसकट, आपा."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी हातातली बाई खाली ठेवली, स्टुलावर बसले आणि आपले हात बघत राहिले.

"चार वर्षं म्हातारी पडून होती," ते हळूच म्हणाले. "पाठ खाजवायच्या काठीने पलंग वाजवून बाईला बोलवायची. तिची सून सांगत होती. तिथे गेली, तर बाई नाही. वाजवत बसली असेल बिचारी. आणि मग आपण पाठवली. नावागावासकट."

नऊच्या सुमाराला आम्ही देवळामागच्या मोकळ्या जागेत गेलो. आ-फांगला धरून आणलं. आपांनी आजोबांच्या वहीतलं नाव पट्टीवर लिहिलं, बाईला लोखंडी पिंजऱ्यात उभं केलं आणि म्हातारीचं नाव-पत्ता म्हणून जाळलं. कागद भुर्रकन जळाला. गुडघ्यांपाशी मात्र वेळ लागला.

मग आपांनी कौल लावला. आमचा कौल म्हणजे लाकडाच्या दोन चंद्रकोरी. जमिनीवर टाकायच्या. एक उताणी एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर समोरचा हसतोय.

"आजी, बाई पोचली का?"

हो.

"मग माझ्या पोरीला सोडता ना?"

दोन्ही पालथ्या. नाही.

"आजी, तिला काही येत नाही. चहा विकते ती. ही नवी बाई तरबेज आहे, ठेवून घ्या."

दोन्ही उताण्या पडल्या.

आपांनी पुन्हा विचारलं. पुन्हा उताण्या. सात वेळा विचारलं त्यांनी. हात जोडून, कधी चिडून, एकदा तर चक्क दरडावून, "हा कसला तुमचा न्याय!" सातही वेळा म्हातारी हसत होती. शेजारी आ-फांग सिमेंटवर गुडघे टेकून बसली होती. तिचे हात चालू होते.

मग आपांनी टोपी काढली.

कपाळ जमिनीला टेकवलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी विचारलं. मी दोन पावलांवर होते. मला एक शब्द ऐकू आला नाही.

कौल टाकला.

हो.

पुन्हा टाकला. हो.

तिसऱ्यांदा. हो. लागोपाठ तीनदा हो पडलं की बोलणं पक्कं.

आ-फांगचे हात थांबले.

तिने डोळे चोळले, उन्हाकडे पाहिलं. "आ-ची, मला सपाटून भूक लागलीय. इथे का आलोय आपण?"

त्या दिवशी तिने मासे घातलेली पेज तीन वाट्या खाल्ली. मी तिच्यासमोर बसून नुसती बघत होते. नंतर प्रयोगशाळेत जाऊन मी ते घर पुसून टाकलं. सगळ्या प्रती, सगळं चित्रीकरण. लाई सर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. सोमवारच्या चौघांना मी फोन केले. चौघंही ठीक आहेत.

आता वर्ष होत आलं. आ-फांग मजेत आहे. तिला त्या चार दिवसांतलं काही आठवत नाही. आपा सदुसष्टचे आहेत, रक्तदाब सोडला तर धडधाकट.

"काय विचारलंत तुम्ही त्या दिवशी?" मी त्यांना खूपदा विचारलं.

"धंद्यातलं बोलणं," एवढंच म्हणतात.

गेल्या रविवारी आम्ही तिघं दुकानात होतो. आ-फांगने चहाची नोकरी सोडलीय, ती आपांकडे काम शिकतेय. कामट्या तासता तासता त्यांना चिडवत होती. "आपा, तुमच्यासाठी मी तीन मजली बांधणार. वर गच्ची, गच्चीवर पाळणा. लिफ्टही बसवीन, तुमचे गुडघे दुखतात म्हणून."

"नको," आपा म्हणाले. मान वर न करता कागदाला खळ लावत होते. "माझ्यासाठी घर करू नका."

"का? माझं काम पसंत नाही?"

"तसं नाही गं. माझी राहायची सोय झालीय."

आ-फांग खो खो हसली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि तिच्यात आणखी खळ घालायला आत निघून गेले. बराच वेळ बाहेर आले नाही.